दोनशे दिवसांनी

नाशिकच्या एका खासगी दवाखान्यात शाझिया मंगळवारी दुपारी इथंच दुसऱ्या मजल्यावर गेलेल्या अब्बांच्या मृत्यूच्या कागदपत्रांसाठी खिडकीपाशी थांबली होती. मागच्या बाकावर दवाखान्याचं नेटवर्क सांभाळणारी दोघं बोलत होती.

"गायधनी सर, तो नेटवर्कचा स्विच, सगळी यंत्रं जोडणारा तो डबा, बिघडलाच नव्हता. दोनशे दिवस सलग चालला की तो अडकतोच."

"बनवणाऱ्यांना माहीत आहे हे?"

"त्यांच्याच कागदात छापलंय, सर. उपायही दिलाय. त्याआधी एकदा बंद करून परत चालू करायचा."

"मग केला का नाही, निकिता?"

"ते काम आपले जुने पगारकाका करायचे. मार्चमध्ये त्यांना कामावरून कमी केलं. पुढं कुणाला सांगितलंच नाही."

"किती वेळ बंद होता?"

"वीस मिनिटं. मंगळवारी दुपारी, दुसऱ्या मजल्यावर. पेशंटच्या मॉनिटरचे अलार्म नर्सच्या टेबलापर्यंत पोचलेच नाहीत."

"कुणाला काही झालं नाही ना?"

"एक आजोबा गेले. पण त्यांचं वयच झालं होतं म्हणे."

खिडकीतून कुणीतरी शाझियाचं नाव पुकारलं. ती गेली नाही. मागे वळली.

"बासष्ट," ती म्हणाली. "अब्बा फक्त बासष्ट वर्षांचे होते."