वासाचा भुसा

मुलगी : काका, बघा ना बटण कसा करतोय! सकाळपासून काकडीला तोंडसुद्धा लावलं नाही त्याने.

सुतार : अगं, दोन महिन्यांचं पिल्लू ते. झोपमोड झाली असेल, बसला असेल रुसून.

मुलगी : रुसलेला नाहीये! कान लावा. आतून टक टक वाजतंय.

सुतार : थांब... हं. बरगड्या फारच उडतायत गं याच्या.

मुलगी : आईला फोन लावू?

सुतार : ती उद्या येणार. तिथे बसून काय करेल, नुसता जीव टांगणीला. डॉक्टरबाईंनाच लावतो, स्पीकरवर. पिंजऱ्यावर नंबर चिकटवलाय बघ तिने.

डॉक्टर : हॅलो, प्राण्यांचा दवाखाना. बोला.

सुतार : बाई, गिनीपिग आहे आमचं, लहान आहे. श्वासाला आवाज येतोय.

डॉक्टर : तोंड उघडून घेतोय का श्वास?

मुलगी : नाही, नाकानेच! पण नाक ओलं झालंय.

डॉक्टर : शेवटचं खाल्लं कधी?

मुलगी : काल संध्याकाळी. तेही चिमूटभर गवत.

डॉक्टर : अरे देवा. यांचं पोट इतका वेळ रिकामं चालत नाही. ताबडतोब घेऊन या. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, भोकं पाडा, खाली जुना टॉवेल.

मुलगी : मी आणते खोकं!

डॉक्टर : आणि पिंजऱ्यात खाली काय घालता हो?

सुतार : भुसा. माझ्याच कारखान्यातला, रंधा मारताना निघतो तो. देवदाराचा. घमघमतो नुसता.

डॉक्टर : कधीपासून?

सुतार : रविवारपासून. आधी कागदाचे कपटे असायचे. म्हटलं, पोरीच्या पिल्लाला जरा गादी करू.

डॉक्टर : मला सांगा, कपड्यांच्या कपाटाला देवदार का लावता तुम्ही?

सुतार : कीड लागत नाही. वासानेच पळते.

डॉक्टर : मग त्या मुठीएवढ्या जिवाने पिंजऱ्यातून कुठे पळायचं? आधी त्याला बाहेर काढा आणि निघा. ठेवते.

मुलगी : हे घ्या खोकं. काय म्हणाल्या? माझ्यामुळेच झालं ना?

सुतार : तुझ्यामुळे?

मुलगी : मी परवा त्याला अंघोळ घातली. आई नको म्हणाली होती तरी. नीट पुसलंही नाही. तो कुडकुडत होता आणि मी हसत होते, काका. सर्दी झाली ना त्याला? मीच मारलं ना?

सुतार : मेला कुठाय तो? रडू नको. आधी इकडे बघ.

मुलगी : आईला सांगणार तुम्ही?

सुतार : ...सांगणार. पण तुझं नाही, माझं. हे भुशाने झालंय.

मुलगी : कुठल्या? त्या छान वासाच्या?

सुतार : तो वासच बाधला त्याला. तू आत गेलीस ना, तेव्हा बाई बोलल्या.

मुलगी : तुम्ही सुतार आहात ना? लाकडातलं सगळं कळतं ना तुम्हाला? रोज जेवताना तेच तर सांगता!

सुतार : लाकडातलं कळतं गं. पिल्लातलं नाही कळत. विचारायला हवं होतं, नाही विचारलं. तुला खूश करायच्या नादात...

मुलगी : मला नव्हतं व्हायचं खूश! तुम्ही आमच्या घरी राहायला आलात तेव्हापासून ना... नाही, हात नका लावू त्याला! तुमच्या शर्टालाही तोच वास येतोय.

सुतार : दुसरा घालतो.

मुलगी : वेळ नाहीये!

सुतार : बरं, हा काढला. चल.

मुलगी : नुसत्या बनियनवर? रस्त्याने?

सुतार : कोण बघायला बसलंय? खोकं तू धर, हलवू नको. मी जिन्याचं दार उघडतो.

(पाऊण तासाने, दवाखान्यात.)

डॉक्टर : ऑक्सिजनवर ठेवलंय. उद्या सकाळपर्यंत टिकला तर पुढचं बोलू. आत्ता शब्द देणार नाही.

मुलगी : पण वाचू शकतो ना?

डॉक्टर : वाचू शकतो, एवढंच म्हणते. आणि अहो बनियनवाले, जनावर घरात आणलं की चार गोष्टी विचारायच्या असतात. एक फळी बिघडली म्हणून दुसरी घेतली, असं नसतं ते.

सुतार : बरोबर आहे तुमचं.

डॉक्टर : बरोबर काय बरोबर! एक फोन करायला काय होत होतं? नुसते लाड करायला पुढे—

मुलगी : त्यांना ओरडू नका.

डॉक्टर : का गं? चूक त्यांचीच आहे ना?

मुलगी : हो, त्यांचीच आहे. पण मला वाटत होतं माझी आहे. ते बोलले नसते, तर मला कळलंच नसतं.