डाव्या कानाकडची सीट

...आणि वर मलाच विचारतात, 'काय डेस्मंड, नातवंडं दोन आणि गाडीत जागा एकाची, हे कसलं गणित?' आता मी काय नातवंडं मोजून गाडी घेतली? खाणीतून रिटायर झालो, तेव्हा नातवंडांचा पत्ताही नव्हता. म्युरिएल, म्हणजे माझी बायको, म्हणाली, 'लोक रिटायर झाल्यावर गुलाब लावतात.' मी गाडी आणली. हिरवी, दोन सीटची, उघडी, आणि इतकी बुटकी की सिग्नलला शेजारी लॉरी उभी राहिली की तिच्या चाकाचे नट मोजत बसावं. त्या गाडीत बसत नाहीत, तुम्हाला सांगतो, ती पँटसारखी अंगात घालावी लागते, एक पाय, मग दुसरा पाय, मग बाकीचं जमेल तसं. छप्पर आहे, नाही असं नाही, पण ते लावायला दोन माणसं आणि वीस मिनिटं लागतात आणि तोवर पाऊस थांबलेला असतो.

तर नातवंडं दोन. टॅम्झिन सात वर्षांची, बार्नबी चार. शाळा सुटली की दोघं आमच्या दारात, कारण त्यांची आई, आमची हिलरी, दातांच्या दवाखान्यात नोकरीला, ती साडेपाचला येणार. मग रोज दारात रणधुमाळी, आज पहिला नंबर कोणाचा. 'काल तो पहिला होता!' 'काल गुरुवार होता, गुरुवार धरत नाहीत!' मग एकाला म्युरिएलनं खिडकीशी धरून ठेवायचं आणि एकाला मी बुडाखाली उशी घालून, पट्टा बांधून, कानटोपीचे बंद हनुवटीखाली आवळून, साइडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या, गिरणीपर्यंत न्यायचं आणि आणायचं. चार मैल. बार्नबीचं सोपं. त्याला गाई दिसल्या की हॉर्न वाजवायचा असतो आणि आमच्या हेरफर्डशायरमध्ये गाई सोडून दुसरं दिसतं काय? त्याच्या फेरीत बोलण्याचा प्रश्नच येत नाही.

टॅम्झिनच्या फेरीत येतो.

तर हे जरा समजून घ्या. सदतीस वर्षं मी खाणीत सुरुंग उडवले. उजवा कान भिंतीकडे, डावा सुरुंगाकडे, रोज. डावा गेला. डॉक्टरनं यंत्र दिलंय, घरात ठीक चालतं. पण उघड्या गाडीत चाळीसच्या वेगाला ते कानात असं किंचाळतं की जणू मांजराच्या शेपटीवर पाय पडलाय. म्हणून गाडीत बसताना मी ते गुपचूप खिशात टाकतो. आणि स्टिअरिंग आपल्याकडे उजव्या हाताला. म्हणजे शेजारी जो कोणी बसेल, तो नेमका माझ्या डाव्या कानाशी. मला काय ऐकू येतं? वारा. आणि उजवीकडून जाणारी प्रत्येक लॉरी.

पण लहान पोर आपल्याशी बोलतंय, तोंड वर करून, टोपीतून केस उडतायत, आणि त्याला 'काय? काय म्हणालीस?' असं किती वेळा विचारायचं? दोनदा विचारलं की पोर म्हणतं, 'जाऊ दे.' आणि ते 'जाऊ दे' मला सहन होत नाही. मग मी काय करायचं? मी मान हलवली. पहिल्या दिवशी हलवली, दुसऱ्या दिवशी हलवली, मग काय, सवय लागली. ती बोलायची, मी डोळ्याच्या कोपऱ्यातून तिचे ओठ हलताना बघायचो आणि मधूनमधून 'अगदी बरोबर' म्हणायचो आणि मान हलवायचो.

हे चाललं असतं असंच, कोणाचं काय जातं? पण फेब्रुवारीत आमचे जावई गॅरेथ हिलरीच्या घरातून गेले. गेले म्हणजे हिलरीनं घालवले. झालं होतं असं की त्याची नोकरी गेली होती आणि त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. सकाळी टाय लावून, सँडविचचा डबा घेऊन निघायचा, दिवसभर लायब्ररीमागे गाडीत बसायचा, आणि संध्याकाळी घरी. अकरा आठवडे! नोकरी गेली याचं हिलरीला काही नव्हतं. पण तो रोज रात्री जेवताना ऑफिसातल्या गमती सांगायचा. आज मिस्टर पॉवेल असं म्हणाले, आज फोटोकॉपीचं मशीन तसं बिघडलं. सगळ्या रचलेल्या. आणि ती हसली होती हो त्या गमतींना. 'बाबा, मी पोट धरून हसले होते,' एवढंच मला म्हणाली आणि मग तासभर रडत होती. मी हिलरीच्या दारात उभा राहून गॅरेथला म्हणालो, 'या घरात परत पाऊल टाकायचं नाही.' बापानं म्हणावं तसं म्हणालो. टॅम्झिन जिन्यावर बसली होती, हे मला नंतर कळलं.

तेव्हापासून पोरगी गप्प. घरात अवाक्षर नाही. 'हो', 'नको', 'मीठ दे', संपलं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, वर्गातही तसंच. हिलरीचा जीव टांगणीला लागलेला. आणि तुम्हाला सांगतो, गाडीत बसली रे बसली की तोंड सुरू. साइडरच्या गिरणीपर्यंत, गिरणीला वळसा, परत येईपर्यंत. कधी हातवारे, कधी पुढे बघत नुसतीच पुटपुट, एकदा गालावरून पाणी, वाऱ्यानं कानाकडे पळालेलं. मी काय केलं? मी मान हलवली.

एकदा लवकर आली होती, तेव्हा हिलरीनं हे खिडकीतून बघितलं. रोज विचारायला लागली. 'बाबा, ती तुमच्याशी बोलते. काय म्हणते? गॅरेथबद्दल म्हणते का? माझ्यावर रागावलीय का?' आणि मी! सांगायचं ना सरळ, पोरी, मला एक अक्षर कळत नाही? नाही सांगितलं. एक तर लाज. आणि दुसरं म्हणजे, खरं सांगतो, सगळ्या घरात ती एकट्या माझ्याशी बोलते याची मला ऐट वाटायची. मी म्हणायचो, 'अगं, असंच. इकडचं तिकडचं. लहान मुलांचं.' म्युरिएल विणता विणता चष्म्यावरून माझ्याकडे बघायची.

मग जूनमधला तो गुरुवार. हिलरी दारातून आत आली ती थेट माझ्यावर. 'बाबा, तुम्ही तिला शब्द दिलात?' कसला शब्द? 'उद्या शाळेच्या खेळांत वडिलांची शर्यत आहे. तिनं गॅरेथचं नाव लिहून दिलंय. बाईंनी विचारलं, डॅडी नक्की येणार का? तर म्हणाली, हो, आजोबा आणणार आहेत, मी त्यांना तीनदा विचारलं आणि तीनदा ते हो म्हणाले.'

 तेव्हा मला आठवलं. मंगळवारी, पुलाच्या अलीकडे, एकदा. पुलावर, पुन्हा. आणि घराच्या वळणावर तिनं माझी बाही ओढली, माझ्या तोंडाकडे बघून काहीतरी म्हणाली, आणि मी, मूर्ख माणूस, तोंडभर हसून मान हलवली.

त्या रात्री जेवण गेलं नाही. मनाशी म्हणालो, हा गॅरेथ, याला आपण घराबाहेर काढला, का? तर अकरा आठवडे ऑफिसात आहे असं भासवत होता. आणि मी? मी ऐकतोय असं भासवतोय, कधीपासून? त्यानं निदान गमती तरी रचल्या, माझं नुसतं डोकं हलत होतं. पोरगी मनातलं सांगत होती आणि मी तिला फसवत होतो. मला स्वतःची शरम वाटली. म्युरिएलला सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'मग सकाळी जा आणि घेऊन ये त्याला. आणि माफी मागायची तर नीट माग, हवापाण्यावर बोलत बसू नकोस.'

गेलो. चौदा मैल, हेरफर्डला, सायकलच्या दुकानावर त्याची खोली. दार उघडलं. दाढी वाढलेली, पायात मोजे, हातात टोस्ट. मी म्हणालो, 'हवा बरी आहे.' तो म्हणाला, 'हो. दुपारी पाऊस येईल म्हणतायत.' मी म्हणालो, 'इथे ऊन चांगलं येतं.' तो म्हणाला, 'सकाळचं.' मग दोघं टोस्टाकडे बघत उभे. आता सांगा, कसं सुरू करायचं? शेवटी म्हणालो, 'दोन वाजता शर्यत आहे. बापांची. तुझं नाव लागलंय.' त्यानं टोस्ट खाली ठेवला. 'हिलरीला चालेल?' 'ठाऊक नाही.' 'तुम्हाला?' मी म्हणालो, 'गाडी खाली उभी आहे.' याहून जास्त माफी मला आली नाही.

सहा फूट दोन इंच माणूस तो, वेल्सचा. त्या सीटमध्ये गुडघे हनुवटीला लागले. दोन मैल गेले. आणि मग, तुम्हाला सांगतो, सुरू झाला. ती सीटच तशी आहे का कोण जाणे. समोर रस्ता, कोणी तोंडाकडे बघत नाही, डोक्यावर छप्पर नाही, बोललेलं सगळं वाऱ्यावर जातंय, माणूस बोलणारच. बोलला, थांबला, नाक पुसलं, परत बोलला. आणि या वेळी मला खरंच ऐकायचं होतं. खिशातलं यंत्र काढून कानाला लावलं, तर ते किंचाळलं, गाडी कुंपणाकडे गेली, परत खिशात टाकलं. गाडी थांबवून सांगावं, बाबा रे, या कानानं ऐकू येत नाही? चार मैल तो जीव ओतून बोलल्यावर? त्याला कसं वाटलं असतं? नाही जमलं मला. मी जितकी मायेनं हलवता येईल तितक्या मायेनं मान हलवली.

शर्यत. शाळेचं मैदान, पांढऱ्या दोऱ्या, बाप सगळे पँटचे पाय दुमडून, आणि गॅरेथ त्या ऑफिसच्या बुटांत, दाढीवर टोस्टचा चुरा. शिट्टी वाजली. गॅरेथ शेवटून दुसरा आला. शेवटचा होता तो डॉक्टर, त्याचा गुडघा नवा बसवलेला. पण टॅम्झिन दोरीखालून घुसली, धावत गेली, आणि भर मैदानात, सगळ्या शाळेसमोर, मोठ्यानं बोलत सुटली, बूट बघ म्हणाली, बूट काढायचे असतात डॅडी, सगळे काढतात, तुला कोणी सांगितलं नाही का. बोलतच होती. हिलरी हाताची घडी घालून लांब उभी. मग ती चहाच्या टेबलाकडे गेली, आणि एक कप आणून त्याच्या हातात दिला. साखर घातलेला. आमच्या भागात याच्यापलीकडे कोणी फारसं काही करत नाही.

दुसऱ्या दिवशी मी टॅम्झिनला गिरणीपाशी नेलं, गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. म्हणालो, 'हे बघ, तुला एक सांगायचंय. मला या कानानं काही ऐकू येत नाही. तू काय काय सांगितलंस, मला काही माहीत नाही.' ती म्हणाली, 'माहितीये.' 'काय माहितीये?' 'तुम्ही ते खिशात टाकता. मी बघते ना.' 'मग मला कशाला सांगायचीस?' 'तुम्ही कोणाला सांगणार नाही ना, म्हणून.' 'आणि मग ते शर्यतीचं?' तिनं टोपीचे बंद सोडले आणि मला लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. 'आईला शाळेची चिठ्ठी दाखवली, ती नाही म्हणाली. आजीला दाखवली, ती बघू म्हणाली. तुम्ही मान हलवता.'

मी इंजिन सुरू केलं.

आणि मी समजलो, चला, प्रकरण मिटलं. रविवारी सकाळी दारात गॅरेथ. दोन बॅगा, एक सायकल, आणि कुंडीतलं टोमॅटोचं रोप. म्हणाला, 'तुमचे उपकार मी विसरणार नाही.' कसले उपकार? म्युरिएल मागून म्हणाली, 'मागची खोली देतोयस म्हणे त्याला, नोकरी लागेपर्यंत. पोरांच्या जवळ राहता यावं म्हणून. काल फोनवर सांगितलं त्यानं, गाडीत विचारलं आणि तू हो म्हणालास.' मी म्हणालो, 'मी?' ती म्हणाली, 'मान कोणी हलवली?'

तर आता तो मागच्या खोलीत आहे. माझे मासे धरायचे गळ आणि दोऱ्या बाथरूममध्ये. टोमॅटो माझ्या खुर्चीत, कारण तिथेच ऊन येतं. मुलांना न्यायला हिलरी साडेपाचला यायची, ती सहाला निघायला लागली, मग सातला, गेल्या आठवड्यात दोघं भांडी धूत होती आणि गॅरेथ तिला कसली तरी गंमत सांगत होता, खरी, आणि ती हसली नाही, पण ताट पुसायची थांबली. मी दाराआड उभा होतो. यंत्र कानात होतं, मी एवढंच सांगतो.

आणि काल. काल शनिवार. हिलरी बागेत आली, डोक्याला रुमाल बांधलेला, आणि म्हणाली, 'बाबा, मला एक चक्कर मारून आणता?' हिलरी! जिनं त्या गाडीला आठ वर्षं डबडं म्हटलं. यंत्र कानाला लावायला मी खिशात हात घातला, तर म्हणाली, 'नको, ते राहू दे खिशातच.' बसली. गिरणीपर्यंत बोलली, गिरणीला वळसा घालताना बोलली, पुलावर रडली, आणि घराच्या वळणावर माझी बाही धरून, माझ्या तोंडाकडे बघून, काहीतरी विचारलं.

मी मान हलवली.

काय विचारलं, देव जाणे. म्युरिएलनं आज सकाळी पुढच्या खोलीतला पलंग भिंतीला सरकवून शेजारी दोन छोट्या गाद्या घातल्यात, आणि मी बसलोय खिडकीशी, आता दारात सामान घेऊन कोण कोण उभं राहतंय ते बघत.