केरबाच्या मक्याची राखण

...आणि चहाची कपबशी खाली ठेवायच्या आधीच म्हणत्यात, "ते ऱ्हाऊ द्या ओ, आधी बंदूक दाखवा की!" अरे काय बंदूक दाखवा? बंदूक काय नवी सून हाय व्हय, आल्या-गेल्या पावण्याला दाखवायला? आता तुम्ही घरचीच माणसं, म्हणून तुमास्नी सांगतो... बंदूक घरात न्हायच. पोलीस ठाण्यात हाय. दचकू नगा, गुन्हाबिन्हा काय न्हाय! इलेक्शनची आचारसंहिता लागली, परवानेवाल्या सगळ्यांनी जमा केली, तशी मी बी केली. इलेक्शन झालं, गुलाल उधळला, निवडून आलेल्यांनी पक्षसुदिक बदलला, सगळ्यांनी आपापल्या बंदुका घरला नेल्या, आणि माझी मातूर तिथंच! हवालदार तीनदा फोन करून दमला. "ओ कृष्णात, तुमची एकटीच कोपऱ्यात उभी हाय, गंज धरायला लागलीय!" मी म्हणतो, धरू दे की! का म्हणून विचारशीला... लाज वाटती हो. लाज वाटती, पण सांगतो.

मी तीस वर्सं शिरोली एमआयडीसीत लेथवर काढली. रिटायर झालो आणि गारगोटीच्या वरच्या अंगाला आमचं गाव, तिथं येऊन मका केला. मका आला डोक्याएवढा, आणि मक्यामागनं आलं गवं. गवा बघितलाय न्हवं तुम्ही? काळाकुट्ट, पायात पांढरं मोजं घातल्यागत, आणि बांधावर असा उभा ऱ्हातोय की वाटावं सातबारा त्याच्याच नावावर हाय! बरं, त्याला मारता येत न्हाय, कायदा हाय, आणि मारायचं कुणाच्या मनात हाय? निस्तं हुसकायचं. मी म्हणलं, बंदूक घिऊ, वरच्या वर बार काढू, गवं आंबोलीपतोर मागं बघायची न्हाईत. आमच्या विजयमालाबाई चुलीपास्नं म्हणतात कशा, "मारायचं न्हाय तर बंदूक कशाला? डबा बडवा की!" आता मला सांगा, डबा कोण बी बडवतंय! तीस वर्सं लेथ चालवलेल्या माणसानं डबा बडवायचा? शेतसंरक्षणाच्या परवान्यासाठी दोन वर्सं हेलपाटं घातलं मी, चपला झिजल्या, पण परवाना आणला.

मग बंदूक बघाय गेलतो कबनूरला. बापूसो म्हणून जैनाघरचा म्हातारा, घरात चार माग खडखडत्यात, बोललेलं ऐकू येत न्हाय, आणि भिताडावर ही बंदूक! एकनळी, ठासणीची, आणि नळी केवढी... माझा अंगठा आत घातला तर इकडंतिकडं हलतोय! आता ठासणीची म्हंजे काय, की तिला काडतूस न्हाय. तोंडातनं दारू वतायची, वर चिंधी कोंबायची, लांबलचक गज आत घालून ठास-ठास ठासायचं, गज बाहेर काढायचा, मग घोड्याखाली ठिणगी पाडायची टोपी लावायची, आणि मग एक... एकच बार! दुसरा भरूस्तवर गवा जेवून, हात धुऊन, बडीशेप खाऊन जातोय. पण मला त्या नळीनं भूल घातली. बापूसो बिचारा खरं बोलला. "पावणं, आमच्यात मुंगी मारत न्हाईत. वडलांनी मळ्याच्या राखणीला घेतली, एकदा वाजवली, त्या आवाजानं म्हशीनं आठ दिस दूध दिलं न्हाय, तवापास्नं खुंटीला. वाजती का न्हाय, देवाला ठावं!" माणूस विकायच्या वस्तूला अशी नावं ठेवतोय आणि मी नळीला डोळा लावून म्हणतोय, "वा! वा! काय बोअर हाय!"

दोन्हीकडची कागदं झाली, सरकारी परवानगी आली, बंदूक घेऊन निघालो, तर म्हातारा मागनं पळत आला. हातात एक लाकडाचा गज. "ह्यो ऱ्हायला बघा. ढिला हाय म्हणून टाकू नगा. वडील म्हणायचं, गज ढिलाच पायजे." ढिला? मला हासू आलं हो. ज्यानं तीस वर्सं केसाएवढा फरक पडला तर जॉब भंगारात टाकला, त्याला हे माग चालवणारं म्हातारं सांगतंय गज ढिला पायजे! मी शिरोलीत जुन्या दोस्ताच्या लेथवर गेलो, नळीचं माप घेतलं, लोखंडाचा गज वढला. काय फिटिंग! नळीत सोडला की सूऽऽऽ करून आत जायचा, पंपातला दट्ट्या जसा! म्हाताऱ्याचा लाकडी गज विजयमालाबाईंनी वाळवणाच्या दोरीला टेकू म्हणून लावला. लाज वाटती, पण सांगतो, मी त्या गजाला अत्तर लावलंतं.

एक बार काढून बघितला. आईशप्पथ... काय आवाज! कुत्री पळाली, कावळं उडालं, खालच्या वाडीतनं फोन आला की ट्रान्सफॉर्मर उडाला का. झालं! मी गेलो डेअरीवर, आणि छातीला हात लावून बोललो, "आजपास्नं राखण बंद! समद्यांनी निवांत झोपायचं. तुमच्या मक्याचं कणीस गेलं तर माझं नाव कृष्णात न्हाय!" सगळी हासली. एकटा हासला न्हाय तो केरबा. शेजारच्या रानाचा. पंचवीस वर्सं हा माणूस मका उभा असंस्तवर घरात झोपला न्हाय, रानातच. पोरगी वर्षाराणी गारगोटीत दिलीया, हाकंच्या अंतरावर, पण तिच्या दारात सकाळी जायाचं आणि दिवस मावळायच्या आत परत. तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "खरंच राखशीला? मग मी आणि मंडळी दोन दिस पोरीकडं मुक्कामाला जातो. लई रडती ती, म्हणती बाबा कधी ऱ्हात न्हाईत." मी म्हणलं, "जा रं! दोन न्हाय, चार दिस ऱ्हा!" नवी कापडं घालून गेली हो दोघं. एसटीच्या खिडकीतनं हात केला मला.

आता पुढचं सांगायचं म्हंजे... एक घोट पाणी द्या.

दुसऱ्याच दिशी, दिवस मावळायला आलेला, डेअरीला दूध घालून माणसं किटल्या घेऊन परतत हुती, आणि केरबाच्या बांधावर सात गवं! सात! मी पळतच बंदूक काढली. दारू वतली, चिंधी घातली, गज सोडला... सूऽऽऽ न्हाय. निम्म्यात थांबला. का? अहो का म्हंजे, मागच्या बाराची काजळी आत तशीच! नळी पुसायची ऱ्हायली! आणि फिटिंग माझं असलं झ्याक, की काजळीला जागाच न्हाय! दगडानं ठोकला, गेला आत. आता बाहेर काढायला जातोय तर... निघंना! वढतोय, निघंना. पाय लावून वढतोय, निघंना! आणि तिकडं बांधावर वीस-पंचवीस माणूस गोळा झालं. "ओ बार काढा की! गवं आत शिरली की!" आता मी सांगायचं का, की थांबा मंडळी, माझा गज अडकलाय? त्या वक्ताला तोंडातनं निघालं असतं तर सगळं निभावलं असतं. पण लाज! लाजंपायी माणूस काय करंल नेम न्हाय. मी म्हणलं, निघत न्हाय न्हवं तू? मग जा बाराबरोबर! टोपी लावली, नळी जराशी वर केली, आणि...

नळी फुटली न्हाय, ही आईवडलांची पुण्याई. मी पाठीमागं पाटात उताणा. कानात निस्तं कुंईऽऽऽ. आणि गज? गज गेला गव्यांच्या डोक्यावरनं, आणि केरबानं ठिबक सिंचनासाठी म्हणून उंच चौथऱ्यावर टाकी ठेवलीया, मोठी काळी, काठोकाठ भरलेली, तिच्या ह्या अंगानं आत, त्या अंगानं बाहेर! दोन्हीकडनं पाण्याची धार! गवं दोन पावलं मागं सरकली, बघितलं, आणि पुन्यांदा मक्यात. पोटभर खाल्लं. आणि खाऊन झाल्यावर, लाज वाटती, पण सांगतो... एकेक करून टाकीखाली आली, आणि धारंला तोंड लावून पाणी प्याली. जेवण केरबाचं आणि पाण्याची सोय माझी! बांधावरची माणसं हासत हासत खाली बसली, एकाच्या किटलीचं झाकण पडलं ते सापडंना. मी पाटात पडून बघतोय आणि मनात एकच, ती दोघं तिकडं पोरीच्या घरी निवांत जेवत असतील.

तिसऱ्या दिशी केरबा आला. मी घरात दार लावून बसलो. म्हणलं, आता शिव्या दील, दगूड मारंल, मारू दे, चांगला मारू दे. दार वाजलं. बाहेर केरबा, हातात पोरीनं दिलेलं लाडवाचं डबडं. माझ्याकडं वरपास्नं खालपतोर बघितलं आणि म्हणतोय, "तुमास्नी कुटं लागलं न्हाय न्हवं?" अहो, शिवी का दिली न्हाईस रं बाबा! शिवी दिली असतीस तर मी उलटी शिवी दिली असती, जेवलो असतो, झोपलो असतो! हे असलं बोलल्यावर माणसानं काय करायचं? टाकी मी नवी बसवून दिली, पण मका कुठनं आणू? खाल्लेला मका काय लेथवर वढता येतोय? त्याच्या पुढ्यात मान वर हुईना माझी. पुढं इलेक्शन लागलं, बंदूक ठाण्यात दिली, ती परत आणायचं तोंडच ऱ्हायलं न्हाय.

तर औंदा मका पुन्यांदा डोक्याएवढा झाला, तवा तोच केरबा बांधावर आला. "पोरीकडं बारसं हाय, दोन दिस जाऊन येतो." माझ्या डोळ्यात पाणी आलं हो! मी त्याचा हात धरला, म्हणलं, "केरबा, एवढं झालं तरी तुझा माझ्यावर भरवसा हाय?" तर केरबा हात सोडवून घेत म्हणाला, "तुमच्यावर कुटला? मी विजयमाला वैनीस्नी इचारलंय. त्या येतो म्हणल्यात राखणीला."

आता रोज दिवस मावळताना ती डबा बडवती. गवं पळत्यात. खरंच पळत्यात, माझ्या डोळ्यानं बघतोय! आणि मी? मी डबा धरतो. तो बी वाकडा धरलाय म्हणती.