ओढ्यावरचा आळ

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेबाहेर एक प्लंबर आपली बाटली मांडीवर घेऊन नंबराची वाट बघत होता. त्याच बाकावर एक सासू आणि तिची सून. त्यांची बाटली सासूच्या पिशवीत होती. आवाज दोघींचेही खणखणीत, त्यामुळे कान बंद करायची सोयच नव्हती.

“दातांचे डॉक्टर म्हणाले ना आई, आपल्या ओढ्यासारख्या, ज्वालामुखीच्या खडकातून आलेल्या पाण्यात फ्लोराइड उतरतं. लहानपणी दात तयार होतानाच ते डागाळतात.”

“काहीतरीच! तपकिरी दात ही आमच्या घराण्याची खूण आहे. तुझे सासरे, दीर, नवरा, आता थोरली नात. एकजात सगळे.”

“तुमचे तर पांढरेशुभ्र आहेत.”

“मी काय त्या घरात जन्मले? माहेरच्या विहिरीचं पाणी पिऊन वाढले.”

“मग वन्संचे का पांढरे? त्या तर याच घरात जन्मल्या.”

“तिला तान्ही असतानाच माझ्या आईनं नेलं. तिकडेच तर...”

सासू मधेच थांबली. तेवढ्यात खिडकीतून त्यांचा नंबर पुकारला.

“द्या आई, बाटली.”

“ही नको देऊस.”

“का?”

“टाकीतलं पावसाचं पाणी आहे. ज्या ओढ्यानं आपल्याला जगवलं, त्याच्यावर आळ नको म्हणून सकाळी मीच बदललं.”

“आई!”

“ओरडतेस काय? उद्या ओढ्याचं आणू. आधी घरी फोन लाव. धाकटीची दुधाची पावडर त्या पाण्यात कालवू नका म्हणावं.”