नादिरसाहेबांच्या पेटीवरचं नाव

करीमभाई, वहिनी, आणि साहेबांच्या शोकसभेला कामावरून थेट या गॅरेजात आलेली मंडळी, मला बोलायची सवय नाही. लिहून आणलं आहे. अडखळलो तर सांभाळून घ्या.

नादिरसाहेब कैरोचे. तिकडे त्यांनी चित्रपटांना संगीत दिलं. महायुद्धात करीमभाई लष्कराच्या गाड्या दुरुस्त करायला तिथे होते, दोस्ती तेव्हाची. पुढे तिकडचा स्टुडिओ बंद पडला आणि साहेब आपलं तंतुवाद्य घेऊन देहूरोडला करीमभाईंकडे आले.

करीमभाई छेडायचे, "साहेब, तुमचं एक गाणं संपेस्तोवर माझा ट्रक दुरुस्त होतो."

साहेब म्हणायचे, "म्हणूनच बेसूर वाजतो, भाऊ."

पुण्याच्या एका निर्मात्याने त्यांच्याकडून चित्रपटाची गाणी करून घेतली. सगळी. पडद्यावर येणाऱ्या नावांच्या पाट्या मी रंगवायचो. मी लिहिलं, 'संगीत: नादिर'. निर्माते म्हणाले, "परदेशी नाव कोण वाचणार? पुसा. आमच्या मेव्हण्याचं घाला."

मी काय केलं? काळा रंग फिरवला. मेव्हण्यांचं नाव घातलं. वेलांट्या दोनदा तपासल्या.

पिंपरी कॅम्पातल्या तंबूत पहिला खेळ आम्ही तिघांनी पाहिला. साहेबांना मराठी वाचता येत नव्हतं. करीमभाईंना फक्त उर्दू वाचता येतं. पाटी आली तसं साहेबांनी मला विचारलं, "माझं नाव हेच?"

मी म्हणालो, "हेच."

त्यानंतर ते रोज जाऊन बसले. पाहून पाहून ती अक्षरं त्यांनी वाद्याच्या पेटीवर उतरवली. इथल्या वाचणाऱ्यांना वाटलं, पेटी कुणाकडून जुनी घेतली असेल. मला ठाऊक होतं. मी गप्प राहिलो. ते जिवंत असेपर्यंत गप्प राहिलो.

आज निर्मात्यांचा हार आला आहे. चिठ्ठीत लिहिलं आहे, 'आमचे उत्तम वादक'. वादक. मेल्यावरही वादकच.

काल करीमभाईंनी ती पेटी माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "कबरीच्या पाटीवर हेच उतरव, राव. साहेबांच्या हातचं आहे."

करीमभाई, ते मी कबरीच्या पाटीवर उतरवलेलं नाही. ते साहेबांचं नाव नाही. तुमच्या घरात इतकी वर्षं त्या मेव्हण्याचं नाव होतं, आणि ते माझ्यामुळे. तुम्हाला रागवायचं असेल तर सभा संपल्यावर रागवा. मी थांबतो.

पाटी रंगवून आणली आहे. रंग ओला आहे, हात लावू नका. सगळ्यांनी उभं राहावं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आधी मी वाचतो, या वेळी खरं वाचतो.

नादिर. संगीतकार.

आता एक मिनिट कुणी बोलू नये.