आकाशातला गोग्रास

मंडळी, एक सांगा — देव शेजारी येऊन बसला, तर ओळखाल का? मुलांनो, तुम्ही सांगा! काय म्हणतेस? डोक्यावर मुकुट असेल? अगं, विमानतळावर मुकुटसुद्धा तपासणीला काढून ठेवावा लागतो! मग ओळखायचा कसा? ऐका!

मी कॅनडाला कीर्तनासाठी निघालो होतो. चौदा तासांचा प्रवास! खिडकीशी अकोल्याच्या अनसूयाबाई गुंजाळ — लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या, जन्मात पहिल्यांदा विमानात. मध्ये मी. पलीकडे वर्तकसाहेब — मोठे अधिकारी, कानांवर हेडफोन, कपाळावर आठी. मी म्हटलं, "राम राम!" उत्तर काय? आणखी एक आठी!

जेवण आलं. मी लगेच सुरू! अनसूयाबाई मात्र ताटाला हात लावीनात.

"जेवा ना, आजी."

"कशी जेवू, महाराज? गाईला घास घातल्याशिवाय मी जेवत नाही. चाळीस वर्षांचा नेम हाय!"

आणि पिशवीतून काढली की ज्वारीची भाकरी! म्हणाल्या, "वाटलं, येवढं मोठं विमानतळ, येखादी गाय तर बांधली असंल! शिपायाला इचारलं, तर मेला हसत सुटला!"

हसताय तुम्ही! पण म्हातारीनं मधुमेहाची गोळी घेतली होती. पोटात अन्न नाही. हात थरथरायला लागले, कपाळावर घाम! आता?

जी धावपळ उडाली! हवाईसुंदरी विनवतेय. मागच्या बाईंनी नातीची कापडी गाय पुढे केली. आजी म्हणतात, "हिला भूक कुठं लागते?" मग मीच आ वासला — "मला भरवा!"

"तुम्हाला? ताट बघा जरा आपलं! धुवायचंसुद्धा ठेवलं नाय!"

खरं होतं, मंडळी!

मी काकुळतीला आलो. "आजी, पण गायच का?"

"सासूबाई सांगायच्या — भूक असून जिला मागता येत नाय, तिला आधी."

आणि तेवढ्यात — गुर्रर्र! विमान बिघडलं? छे हो! वर्तकसाहेबांचं पोट!

सगळ्या माना तिकडे. साहेबांनी हेडफोन काढला. कान लाल! हळूच म्हणाले, "शाकाहारी ताट सांगितलं होतं, आलं भलतंच. रागानं 'नको' म्हणालो... आता कुठल्या तोंडानं मागू?"

"ह्याच की! उघडा!"

आणि माझ्या मांडीवरून आडवा हात घालून आजींनी साहेबांच्या तोंडात घास कोंबला! "हं, नीट चावा!" एवढा मोठा अधिकारी, पण चावला! डोळ्यांत पाणी. म्हणाले, "आई गेल्यावर आज पहिल्यांदा कुणी भरवलं." आजी म्हणाल्या, "रडा मागनं, आधी गिळा! मला भूक लागलीय!" आणि मग जेवल्या. हात थरथरायचे थांबले. अख्ख्या विमानानं टाळ्या वाजवल्या!

उतरताना आजींची पिशवी साहेबांच्या खांद्यावर, आणि साहेबांची बडबड काही केल्या थांबेना!

पण मंडळी, ते पोट केव्हाचं माझ्याच कुशीला गुरगुरत होतं. मी कीर्तनकार! मला ऐकू आलं नाही. का? मी जेवत होतो!

आता प्रसाद निघेल. मुलांनो, हात पुढे करायच्या आधी मागे बघा. त्या खांबापाशी एक आजोबा मघापासून एकटेच बसलेत. कुणी नाव विचारलं त्यांचं? नाही ना? मग उठा! पहिला लाडू तिकडे!