घसा बसलाय

विरारच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलो होतो. समोरच्या बाकावर मायलेकी.

“आई, घसा बसलाय तुझा. आता एक शब्द बोलू नकोस.”

“लोक भेटायला येतात. तुझे बाबा कसे गेले म्हणून विचारतात. सांगायला नको?”

“सांग ना! पण झालं ते सांग. काल पाटकरकाकूंना म्हणालीस, झोपाळ्यावर गेले. खुर्चीत होते ते!”

“बरं बाई, खुर्चीत.”

“आणि सुकेळी खाल्ली म्हणे! कुठे खाल्ली? मागत होते नुसते. सुक्या केळ्यांनी शुगर वाढेल म्हणून तूच डबा फळीवर ठेवलास. अजून तिथेच आहे.”

शेजारची म्हातारी जवळ सरकली.

“कोन गेलं गं बाय?”

“आमचे हे. मागच्या आठवड्यात.”

“आई, घसा!”

“कसं झालं?”

“सकाळी चहा घेतला. खुर्चीत बसले. म्हणाले, आगाशीची सुकेळी दे. मी दिली. दोन खाल्ली, आणि तिथेच मान टाकली.”

“तोंड गोड करून गेला गं. नशिबाचा मानूस.”

आईनं हळूच लेकीकडे पाहिलं.

“दोन नाही गं, आई! किती वेळा सांगू तुला? तीन खाल्ली.”